पायरेट्सच्या खेळाडूच्या नावाची जर्सी घ्यायची की नाही? (बेसबॉलमध्ये पैशाला मर्यादा का नाही)

त्रिमूर्तीनगरकर

नमस्कार मंडळी. इथे सगळे धागे क्रिकेटचे असतात हे माहीत आहे, पण दोनचार जण बेसबॉलही पाहून राहिले हे दिसलं म्हणून विचारतो.

माझी ताई पिट्सबर्गला असते, तिच्यामुळे मला तिथल्या पायरेट्स टीमचं वेड लागलं. शाळेत सॉफ्टबॉल खेळलो होतो त्यामुळे नियम समजायला त्रास नाही झाला. भाचा नऊ वर्षांचा आहे आणि त्याच्यासाठी पायरेट्सचा पिचर (बॉल टाकणारा) पॉल स्कीन्स म्हणजे देव. वाढदिवसाला त्याला स्कीन्सच्या नावाची ३० नंबरची जर्सी पाहिजे होती तर जिजाजी म्हणाले नावाची नको, कोरी घे, पायरेट्समध्ये चांगला माणूस टिकत नसतो. पोरगं व्हिडिओ कॉलवर रडलं हो. मला विचारते, मामा तो खरंच जाणार आहे का? मला काही बोलताच नाही आलं.

आणि वरून २ नोव्हेंबरची सकाळ. वर्ल्ड सिरीजची (बेसबॉलच्या फायनलची) सातवी मॅच आपल्याकडे साडेपाचला सुरू झाली, मी गच्चीवर मोबाईल घेऊन बसलो, आईने दोनदा चहा वर आणून दिला. टोरंटो आता जिंकलीच म्हणता म्हणता नवव्या इनिंगमध्ये मिगेल रोहासने होमरन मारून बरोबरी केली आणि अकराव्यात विल स्मिथने अजून एक मारला, पावणेदहाच्या सुमारास लॉस एंजेलिसचे डॉजर्स ५-४ ने जिंकले. रात्री आपल्या पोरींनी नवी मुंबईत वर्ल्ड कप उचलला म्हणून दिवस सोन्याचा झाला, पण सकाळचं काही डोक्यातून जाईना. लागोपाठ दुसरं वर्ष डॉजर्स. ओहतानीला ७० कोटी डॉलर, यामामोटोला ३२.५ कोटी डॉलर, आणि त्याच यामामोटोने सिरीजमधल्या तीन मॅच काढून दिल्या. इकडे पायरेट्सचं शेवटचं टायटल १९७९ चं.

तर विचारायचं हे की आयपीएलमध्ये प्रत्येक टीमला सारखी पर्स ठरवून देतात (२०२५ ला १२० कोटींची होती), बेसबॉलवाल्यांना असं काऊन करता येत नाही? पैसा ओतला की टायटल मिळतंच का? आणि भाच्याला काय सांगू?

बर्डी_मेन_रोड

कॅप (म्हणजे पगाराच्या खर्चावर मर्यादा) पाहिजेच भाऊ, त्यात चर्चा कसली. आपला जितेश शर्मा बघ, अमरावतीचा पोरगा, आरसीबीने ११ कोटीत घेतला आणि पहिल्याच सीझनला कप हातात. पर्स सारखी होती म्हणून तर १८ वर्षांनी का होईना आरसीबीला मिळाला. पर्स नसती तर सगळे चांगले खेळाडू एकाच टीमने उचलले असते आणि बाकीच्यांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या असत्या.

मिहान_नाइटशिफ्ट

बर्डी भाऊ, तुमचा मुद्दा मनाला पटतो पण हिशोबात बसत नाही. आयपीएलला पर्सची मर्यादा पहिल्या दिवसापासून आहे, तरी २००८ ते २०२५ मधल्या १८ कपांपैकी १० मुंबई आणि चेन्नईकडेच गेले, एकूण जिंकणाऱ्या टीम आठ. बेसबॉलमध्ये कॅप नाही तरी २००१ ते २०२५ या २५ सीझनमध्ये १६ वेगवेगळ्या टीम चॅम्पियन झाल्या. टीम तिकडे ३० आहेत, त्यामुळे तुलना अगदी तंतोतंत नाही, पण कॅप लावली की आळीपाळीने सगळे जिंकतील असं काही होत नसते. अमेरिकन फुटबॉलला तर कडक कॅप आहे, तिथे पॅट्रियट्सनी सहा सुपर बोल (तिकडची फायनल) नेले.

माझी शिफ्ट रात्रीची असल्याने मी हे बारा वर्षांपासून पाहून राहिलो, तर जे समजलं ते सांगतो, जरा लांब होईल.

बेसबॉलमध्ये कॅप नाही, टॅक्स आहे. एक रेषा ठरलेली असते, २०२५ ला ती २४.१ कोटी डॉलर होती. पगाराचा खर्च त्याच्या वर गेला की वरच्या रकमेवर टॅक्स, पहिल्या वर्षी २० टक्के, लागोपाठ दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्यापासून ५०, आणि फारच वर गेलात तर त्यावर अजून सरचार्ज, म्हणजे सगळ्यात वरच्या टप्प्यात दर डॉलरमागे १ डॉलर १० सेंट टॅक्स. डॉजर्सनी २०२४ चा टॅक्सच १० कोटी डॉलरच्या वर भरला. त्याच सुमारास मायामीच्या पूर्ण टीमचा पगार त्याहून कमी होता! म्हणजे टॅक्स आहे, पण ज्याच्याकडे आहे त्याला तो टोचत नाही.

ओहतानीचं ७० कोटींचं गणित बऱ्याच जणांना समजत नाही. त्यातले ६८ कोटी त्याला २०३४ ते २०४३ मध्ये मिळणार, तेही बिनव्याजी, सध्या वर्षाला फक्त २० लाख डॉलर. त्यामुळे टॅक्सच्या हिशोबात तो वर्षाला ७ कोटी न धरता साडेचार कोटींच्या थोडा वर धरतात. हे नियमात बसते, कोणतीही टीम करू शकते. पण दहा वर्षांनंतरची उधारी डोक्यावर घ्यायला तेवढी खात्रीची कमाई लागते, आणि खरी गोम तिथेच आहे. डॉजर्सचा लोकल टीव्हीचा करार २५ वर्षांचा, ८३५ कोटी डॉलरचा आहे. आयपीएलमध्ये टीव्हीचा पैसा बोर्डाकडे एकत्र येतो आणि मग टीमना वाटल्या जातो, फुटबॉलवाल्यांचंही तसंच. बेसबॉलमध्ये मात्र लोकल टीव्ही ज्याचा त्याचा. लॉस एंजेलिस कुठे आणि पिट्सबर्ग कुठे. लोकल कमाईतले ४८ टक्के सगळ्यांना एका हंड्यात टाकावे लागतात आणि ते सारखे वाटतात, पण उरलेल्या ५२ टक्क्यांतच आभाळ-जमिनीचा फरक पडतो.

आता पैसा ओतला की टायटल मिळते का, तर नाही. २०२५ ला न्यूयॉर्कच्या मेट्सनी सोतोला १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी देऊन आणला, टीमचा पगार ३० कोटींच्या वर, आणि सीझनच्या शेवटच्या दिवशी ८३-७९ वर प्लेऑफच्या बाहेर. उलट मिलवॉकी बघा. लहान मार्केट, २०२४ मध्ये कॅप्टन म्हणावा असा पिचर कॉर्बिन बर्न्स दुसऱ्या टीमला द्यावा लागला, मॅनेजर क्रेग काऊन्सेलला शिकागोने उचलला, आणि तरी २०२५ ला ९७ मॅच जिंकून सगळ्या ३० टीममध्ये पहिला नंबर. सीझनमध्ये डॉजर्सशी सहा मॅच झाल्या, सहाच्या सहा मिलवॉकीने जिंकल्या. मग प्लेऑफमध्ये तेच डॉजर्स समोर आले आणि ०-४. चौथ्या मॅचला ओहतानीने पिचिंग करून १० जणांना स्ट्राइकआउट केलं आणि वरून स्वतः तीन होमरन मारले. ती मॅच मी पूर्ण पाहिली आणि टीव्ही बंद केल्यावरही थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

माझं मत विचाराल तर पैशाने टायटल नाही, चुका करायची मुभा विकत घेता येते. डॉजर्सचे दोन महागडे पिचर जखमी झाले तरी तिसरा आणि चौथा तयार असतो. पायरेट्सचा एक करार फसला की पुढची चार वर्षं गेली.

इतवारीचा_हिशोब

मिहानभाऊ, सगळं बरोबर, पण तुम्ही एक बाजू मोकळी सोडली. त्या हंड्यातून लहान टीमना जे मिळते ते त्या खेळाडूंवर लावतात का? मी दुकानदार माणूस, गल्ल्यात येणारा पैसा आणि गल्ल्यातून जाणारा पैसा दोन्ही पाहतो. २०१८ मध्ये खेळाडूंच्या युनियनने पायरेट्स, मायामी, ओकलंड आणि टॅम्पा या चार टीमविरुद्ध रीतसर तक्रार केली होती की वाट्याला आलेला पैसा टीम सुधारायला वापरून नाही राहिले. वरून मर्यादा लावायची बोंब सगळेच मारतात, पण खालून किती खर्च केलाच पाहिजे यावर मालक लोक चूप.

ओकलंडचं पाहा. २००२ मध्ये ४ कोटी डॉलरच्या आसपासच्या पगारात १०३ मॅच, लागोपाठ २० जिंकल्या, त्यांचा मॅनेजमेंटवाला बिली बीन जगभर गाजला. कमी पैशात हुशारीने टीम कशी बांधायची याचं उदाहरण म्हणून आजही त्यांचंच नाव घेतात. आणि शेवट? २०२४ नंतर टीम शहर सोडून गेली, आता सॅक्रामेंटोच्या लहान स्टेडियमवर खेळते आणि पुढे लास वेगासला जाणार. ज्या माणसाने ५० वर्षं तिकीट काढलं त्याच्या हाती काय उरलं, हे कोणत्याच टेबलात दिसत नाही. मले तर ओहतानीच्या पगाराचा राग नाही येत. तो पैसा ग्राउंडवर तरी दिसते.

बर्डी_मेन_रोड

मुंबई-चेन्नईचा आकडा मी असा कधी जोडून पाहिलाच नव्हता. मग मर्यादा वरूनही आणि खालूनही लावा नं. दोन्ही लावायला काय हरकत आहे?

मिहान_नाइटशिफ्ट

हरकत खेळाडूंची आहे. १९९४ मध्ये मालक लोकांनी कॅप आणायचा प्रयत्न केला, १२ ऑगस्टला खेळाडूंचा संप सुरू झाला आणि त्या वर्षी वर्ल्ड सिरीजच झाली नाही. संप झाला तेव्हा सगळ्यात पुढे कोण होतं माहिताय? माँट्रियल एक्स्पोज, कमी पगाराची टीम, ७४-४०. त्यांना ते वर्ष परत मिळालं नाही, चांगले खेळाडू गेले, आणि २००५ ला टीमच वॉशिंग्टनला गेली. सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो, तेव्हा हाच वाद पुन्हा निघणार. म्हणून कॅप म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण मागच्या वेळी लहान टीमसाठी म्हणून सुरू झालेलं भांडण एका लहान टीमलाच घेऊन बुडालं.

सॉफ्टबॉल_सर

मुलांनो, मी तीस वर्षांच्या वर सॉफ्टबॉल शिकवला, बेसबॉल टीव्हीवर उशिरा पाहायला लागलो. एक आपल्या घरचं उदाहरण देतो.

विदर्भाची रणजी टीम म्हणजे एक काळ असा होता की समोरचे लोक पॉइंट धरूनच नागपूरला उतरायचे. बोर्डाची मॅच फी सगळ्या राज्यांच्या पोरांना सारखी, बाहेरचे व्यावसायिक खेळाडू किती घ्यायचे त्यालाही मर्यादा. म्हणजे रिंगण बऱ्यापैकी सारखं होतं. तेवढ्याने काही झालं का? वर्षानुवर्षं नाही झालं. मग निवासी अकादमी उभी राहिली, जिल्ह्याजिल्ह्यातून पोरं हेरली गेली, चंद्रकांत पंडितांसारखा कडक कोच आला, वसीम जाफरसारखा मोठा माणूस ड्रेसिंगरूममध्ये बसला. १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून पहिली रणजी आली, त्या फायनलमध्ये गुरबानीची हॅटट्रिक. पुढच्या वर्षी परत. आणि २०२४-२५ ला आपल्या जामठ्यावर केरळविरुद्ध तिसरी, त्या सीझनला हर्ष दुबेने ६९ विकेट घेऊन रेकॉर्ड केला. तर सारखा वाटा लागतोच, पण त्या वाट्याचं काय करता ते वेगळं.

इतवारीवाल्यांचा मुद्दा मला मात्र खोल लागला. माझ्याकडे एक कॅचर पोरगी होती, सहावीपासून. तिचा ग्लोव्ह फाटला की मी तो महालातल्या मोच्याकडून मेणाच्या दोऱ्याने शिवून आणायचो, चार वेळा शिवला, शेवटी पंजात मूळ चामडं कमी आणि शिवण जास्त होती. राज्य पातळीवर चमकली आणि दुसऱ्या शहराच्या एका मोठ्या क्लबने नोकरी लावून देतो म्हणून नेली. पोरीचं भलं झालं, मला आनंदच झाला. पण माझ्या ग्राउंडला त्यातून एक चेंडूही मिळाला नाही, आणि तिला पाहून आलेल्या दोन बारक्या पोरी पुढच्या महिन्यापासून येईनाशा झाल्या. पिट्सबर्गची गोष्ट ऐकली की मला त्या दोघी आठवतात.

पायरेट्सबद्दल माझ्या मनात एक हळवा कोपरा आहे. २००८ मध्ये आपल्या उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकीचे पोरं, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, यांना करार देणारी टीम हीच. वरच्या लीगपर्यंत दोघं नाही पोचले, पण कोणीतरी इकडे पाहिलं तर खरं.

त्रिमूर्तीनगरकर

सर, त्या दोन पोरींचं वाचून थांबलोच. हेच मला विचारायचं होतं पण मांडता नाही आलं. हरण्याचं दुःख सहन होते, पण आपलं म्हटलेलं माणूस जातं ते नाही होत.

मिहानभाऊ, शेवटचं एक सांगा, स्कीन्स नक्की किती वर्षं थांबेल?

मिहान_नाइटशिफ्ट

वरच्या लीगमध्ये सहा वर्षांची सर्व्हिस झाली की खेळाडू कोणत्याही टीमकडे जायला मोकळा होतो. स्कीन्स मे २०२४ मध्ये आला पण रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा खेळाडू) झाल्यामुळे त्याला पूर्ण वर्ष मोजलं गेलं, म्हणजे २०२९ चा सीझन संपला की मोकळा. २०२५ ला साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) मिळाला तेव्हा त्याचा मूळ पगार १० लाख डॉलरच्याही आत होता, हे लक्षात घ्या. पायरेट्सनी आताच मोठा करार दिला तर थांबेल. नाही तर गेरिट कोलसारखं होऊ शकते. २०११ ला पहिल्या नंबरवर पायरेट्सनी निवडला, २०१८ ला ह्यूस्टनला देऊन टाकला, आणि २०१९ च्या डिसेंबरात यांकीजने ३२.४ कोटी दिले. तुमच्या जिजाजींच्या मनात तेच असेल, ते चुकले नाहीत.

त्रिमूर्तीनगरकर

हो, ताईला विचारलं, जिजाजींकडे कोलची जर्सी आहे, कपाटात घडी करून ठेवलेली. मी काल त्यांच्याशी बोललो. म्हटलं २०२९ म्हणजे पोरगं तेरा वर्षांचं होईल, तोवर ही जर्सी तशीही त्याला लहान पडणार. थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले साइज सांग.

३० नंबर, नावासकट. ऑर्डर गेली.