उंच मार्क घेण्यात सगळ्यात भारी कोण?

मेलबर्नकर: एएफएल (ऑस्ट्रेलियन फुटबॉलची लीग) बघायला लागल्यापासून ते दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा टेकवून हवेतच बॉल पकडतात ना, त्या मार्कचं वेडच लागलंय. मला जेरेमी हाउ आवडतो पण जुनी मंडळी त्याला मोजतच नाहीत, तुम्ही कोणाला मानता?

जुना_फॅन: कार्लटनचा जेसॉलेंको, विषय संपला. १९७० ची ग्रँड फायनल, एमसीजीवर (मेलबर्नचं मोठं स्टेडियम) लाखाच्या वर पब्लिक आणि हा गडी कॉलिंगवूडच्या जेन्किनच्या खांद्यावर. हाफटाइमला कार्लटन ४४ पॉइंटनी मागे, तरी जिंकले!

गीलाँगवाला: एका मार्कवरून काय ठरवता राव. गीलाँगचा गॅरी अ‍ॅब्लेट सिनियर बघा, १९९४ ला कॉलिंगवूडच्या पर्टच्या डोक्यावरून घेतलेला मार्क तर आहेच, वर १९९३ ते ९५ सलग तीन सीझन शंभरच्या वर गोल, म्हणजे नुसता उड्या मारणारा नव्हता तो.

स्वान्स_०५: उंची सोडा, टायमिंग बघा. २००५ फायनलचे शेवटचे काही सेकंद, सिडनी ४ पॉइंटनी पुढे, समोर वेस्ट कोस्ट, आणि सिडनीचा लिओ बॅरी सगळ्या गर्दीत घुसून मार्क घेतो. ७२ वर्षांनी कप आला त्याच्यामुळे, अ‍ॅब्लेटला कप मिळाला का एकतरी?