मदत हवी आहे: बँकेच्या मुलाखतीत कर्जमाफीबद्दल विचारलं तर काय बोलू?

नमस्कार मंडळी,

आयबीपीएसच्या (सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणारी संस्था) कृषी अधिकारी पदाची मुख्य परीक्षा पास झाले, आता मुलाखतीचं पत्र आलंय. परभणीच्या कृषी विद्यापीठातून बीएस्सी ॲग्री केलंय, गाव हिंगोली जिल्ह्यात. मुलाखत १०० गुणांची, खुल्या प्रवर्गाला त्यात किमान ४० टक्के लागतात. अंतिम यादीत मुख्य परीक्षा ८० टक्के आणि मुलाखत २० टक्के धरतात.

कागदपत्रं, झेरॉक्स, कपडे सगळं तयार आहे. अभ्यासही झालाय: ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला ७ टक्के व्याज, वेळेत फेडलं तर ४, विनातारण मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून २ लाख, अग्रक्रम क्षेत्रात (जिथे बँकांना कर्जाचा ठरावीक वाटा द्यावाच लागतो) शेतीचं उद्दिष्ट एकूण कर्जाच्या १८ टक्के.

अडचण वेगळीच आहे. ‘कर्जमाफी योग्य की अयोग्य?’ हा प्रश्न या पदाला हमखास विचारतात म्हणे. २०१९च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत माझ्या बाबांचं पीक कर्ज माफ झालं. त्याआधी लागोपाठ सोयाबीन हातचं गेलं होतं. ती माफी नसती तर माझी फी भरणं अवघड होतं. क्लासचे सर म्हणतात, ‘माफीने परतफेडीची शिस्त बिघडते असं ठाम सांग, घरचं काढू नकोस.’ त्यांचं म्हणणं बँकेच्या बाजूने खरं आहे, मला पटतंही. पण बाबांना बेशिस्त म्हटल्यासारखं होईल असं उत्तर माझ्या तोंडून निघत नाही.

घरचं सांगावं का? सांगितलं तर ही मुलगी वसुलीला कचरेल असं पॅनेलला वाटेल का? शिवाय हिंदी की इंग्रजी, तेही ठरत नाहीये. पदवी इंग्रजीतून झाली, पण बोलायची सवय नाही. कुणी अशा मुलाखती दिल्या-घेतल्या असतील तर कृपया सांगा.

प्रतिसाद:
ताई, ग्रामीण शाखांमध्ये नोकरी करून निवृत्त झालोय. घरचं लपवू नका, पण सुरुवात तिथून नको. आधी बँकेची बाजू मांडा. माफीचे पैसे सरकार देतं, तरी पुढच्या माफीच्या आशेने काहीजण भरणा थांबवतात. थकबाकीदाराला नवं कर्ज मिळत नाही, मग तो सावकाराच्या दारात जातो. नियमित फेडणाऱ्यांवर अन्याय होतो. म्हणून तर त्याच योजनेत त्यांच्यासाठी ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन रक्कम आली. एवढं बोलून झालं की बाबांचं दोन वाक्यांत सांगा.

पुढचा प्रश्न येईल, ‘असा शेतकरी तुमच्या शाखेत थकला तर काय कराल?’ खरी तयारी याची करा. अल्पमुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं की एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशेबात अनुत्पादक कर्ज होतं. तोवर शेतावर जाऊन पीक पाहणं, विम्याच्या दाव्याचा पाठपुरावा करणं, आपत्ती जाहीर झाली असेल तर कर्जाचं पुनर्गठन करणं, म्हणजे फेडीची मुदत वाढवून देणं, हे अधिकाऱ्याच्या हातात असतं. हे नीट सांगणारी मुलगी वसुलीला कचरेल असं मला तरी वाटणार नाही.

भाषा हिंदी घ्या. तांत्रिक शब्द इंग्रजीत आले तरी चालतात. एखादं उत्तर येत नसेल तर सरळ ‘माहीत नाही’ म्हणा, अंदाज ठोकू नका.

धागाकर्ती:
काका, मनापासून आभार. हिंदीच घेते. पुनर्गठन झालं की त्या शेतकऱ्याला त्याच हंगामात नवं पीक कर्ज मिळतं का? शाखेत प्रत्यक्षात काय व्हायचं, तेवढं सांगाल का?