बारशाआधी नावांची चाळणी

बाळाची आई: सर्व मोठ्यांना नमस्कार. रविवारी बारसे आहे आणि आमच्या यादीत अवनी, कुहू, झील व रेवा ही चार नावे उरली आहेत. निसर्गाशी नाते सांगणारे, लहान आणि येथे वडोदऱ्यात गुजराती शेजाऱ्यांनाही सहज उच्चारता येईल असे नाव हवे आहे. कृपया आपली मते कळवावीत.

मालवणची मावशी: झील म्हणजे हिंदीत तळे, हे मान्य, परंतु आमच्याकडे मुलालाच झील म्हणतात, त्यामुळे या नावाने मुलीला हाक मारली की अख्खे माहेर हसेल.

नाना आजोबा: शिवाय मराठीत पोवाड्याच्या मागे धरतात तीही झीलच. सूनबाई, आयत्या याद्यांतील अर्थ कोशात पाहिल्याशिवाय स्वीकारू नयेत. कुहू हा कोकिळेचा स्वर खराच, पण चंद्राची कोरही न दिसणाऱ्या अमावास्येलाही संस्कृतात कुहू म्हणतात. (मला त्यात वावगे वाटत नाही, बारशाला मात्र कोणीतरी हे काढणारच.) अवनीचा अर्थ आज आपण पृथ्वी असा करतो, पण ऋग्वेदात हा शब्द नदीच्या पात्रासाठी आणि प्रवाहासाठी येतो, म्हणजे जमीन आणि पाणी दोन्ही त्या एकाच नावात आहेत. मात्र अशा नावांना आधुनिक म्हणणे मला पटत नाही. नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत किंवा पक्षी यांचे नाव असलेली मुलगी वधू म्हणून निवडू नये, असे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितलेले असूनही आपल्या घरात गोदावरी, यमुना आणि भागीरथी सुना म्हणून आल्या व सुखाने नांदल्या. नवे एवढेच, की आता नदीला दोन अक्षरांत मावावे लागते.

आत्या: दोन अक्षरांत मावणारी नदी यादीत आहेच. गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीच्या दर्शनाला गेल्यावर घाटाखाली दिसते ती नर्मदा म्हणजेच रेवा.

नाना आजोबा: रेव् या धातूचा अर्थ उड्या मारीत जाणे असा आहे.

बाळाची आई: रात्रभर तेच चालू असते.

आत्या: मग कानात कुर्र करताना मी रेवा म्हणेन. शेजारच्या बेन त्यांच्या पद्धतीने झोळीत ठेवायला पिंपळाची पाने आणणार आहेत. त्यांना कोणीही नाही म्हणू नये.