मदत हवी आहे: वेडिंग गाऊनच्या छायाचित्रांत नवरीच्या व्हेलवर येणारी निळसर झाक

नमस्कार मंडळी,

वसईतील एका डिझायनरने शिवलेल्या वेडिंग गाऊनची छायाचित्रे मी एका मासिकाच्या लग्न विशेषांकासाठी काढत आहे. गाऊन हस्तिदंती रेशमी सॅटिनचा असून त्यावर त्याच रंगाची लेस हाताने टाचलेली आहे. व्हेल, म्हणजे नवरीच्या डोक्यावरून चेहऱ्यावर येणारा झिरझिरीत पडदा, मात्र नायलॉनच्या शुभ्र नेटची आहे. खिडकीच्या उजेडात दोन्ही रंग एकमेकांना शोभतात, पण फ्लॅश लावताच रेशीम आहे तसेच राहते आणि नेटवर निळसर झाक चढते. ग्रे कार्डवरून (करड्या रंगाच्या प्रमाण कार्डावरून) व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातील रंगांचा समतोल) ठरवला तरी ती हटत नाही, आणि संगणकावर नेटपुरता निळा रंग कमी करायला जावे, तर नेटमागून दिसणारा नवरीचा चेहरा पिवळा पडतो.

माझ्या समजुतीप्रमाणे हे नेटमधील शुभ्रकारकांमुळे होत असावे. ही द्रव्ये फ्लॅशमधील अतिनील किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात. तो प्रकाश कापडातूनच निघत असल्याने लेन्सवर यूव्ही (अतिनील किरण अडवणारा) फिल्टर लावून काही साधणार नाही. किरण फ्लॅशपाशीच अडवायला हवेत. त्यासाठी फ्लॅशवर लावायची यूव्ही जेल (किरण अडवणारी पातळ पारदर्शक फिल्म) कोणी वापरली आहे का? सॉफ्टबॉक्सच्या (फ्लॅशचा प्रकाश मऊ करणाऱ्या कापडी पेटीच्या) आत लावल्यास ती उष्णतेने खराब होते का, आणि तिच्यामुळे सगळ्याच चित्रावर पिवळसरपणा येतो का?

फ्लॅश अजिबात न वापरण्याचा पर्यायही डोळ्यांसमोर आहे. अमेरिकन छायाचित्रकार अर्व्हिंग पेन यांनी १९५० साली पॅरिसमधील कूत्युर (मापाने शिवलेले उंची) पोशाख नैसर्गिक उजेडात, जुन्या नाट्यगृहाच्या पडद्यासमोर टिपले होते, आणि त्यांतील कापडाचा पोत आजही बघत राहावासा वाटतो. मात्र आमची व्हेल लांब असून वाऱ्याच्या झुळकीनेही हलते, त्यामुळे शटरचा वेग फार कमी ठेवता येत नाही.

लेसबद्दलही एक शंका आहे. प्रकाश अगदी बाजूने, कापडाला घासून जाईल असा टाकला की लेसचा उठाव सुरेख दिसतो, पण सॅटिनच्या चुण्यांवर चकाकी येऊन तिथला तपशील पार उडतो. छपाईत अशा जागी शाई पडत नाही आणि गाऊनची कड कागदात विरून जाते, म्हणून मी एक्स्पोजर थोडे कमी ठेवून नंतर उजळ करण्याच्या विचारात आहे. मासिकासाठी काम करणाऱ्या जाणकारांनी कृपया सांगावे, की छपाईला फाइल देताना सर्वांत उजळ भागात किमान किती टक्के शाई राहील असे तुम्ही पाहता?