मदत हवी आहे : आमच्या गल्लीतल्या सिमेंट रस्त्याची कागदपत्रं माहिती अधिकारात कशी मागू?

नमस्कार मंडळी,

आम्ही दक्षिण नागपुरात राहतो. गल्लीतला डांबरी रस्ता जाऊन सिमेंटचा झाला. पूर्वी फाटकातून दोन पायऱ्या उतरून रस्त्यावर यायचो, आता फाटकातून आत यायलाच एक पायरी उतरावी लागते. कडेला गट्टू लावलेत, पण त्यांचा उतार घरांकडे आहे. पावसाळी नालीच्या चेंबरची तोंडं उंचावर राहिल्यामुळे पाणी नालीत न जाता आमच्या अंगणात शिरतं. शेजारच्या काकूंनी तर या पावसाळ्यात देवघर उचलून वरच्या मजल्यावर नेलं. सत्तरीच्या बाईंना रोज जिना चढून पूजा करावी लागते, याचं फार वाईट वाटतं.

काम कोणाचं, हेच कळत नाही. कामाचा फलक कुठेच नाही. कोणी म्हणतं मनपाचं, कोणी नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यास), कोणी बांधकाम विभागाचं. शहरात रस्ते तिघंही करतात. मग अर्ज कुणाकडे द्यायचा? चुकीच्या कार्यालयात दिला तर तसाच परत येईल का?

अर्जात मी लिहिलंय : "रस्ता इतका उंच का केला? घरात पाणी शिरतं त्याला जबाबदार कोण?" एवढं पुरेल का? आणि अर्ज कशासाठी करतोय हे सांगावं लागतं का? काकूंना वाटतं, कंत्राटदाराची माणसं दारावर येतील.

प्रतिसाद १

ताई, मनपाच्या जवळच्या झोन कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्या. काम दुसऱ्या यंत्रणेचं निघालं तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच ५ दिवसांत अर्ज तिकडे वर्ग करायचा आणि तसं तुम्हाला कळवायचं.

'का' आणि 'जबाबदार कोण' मात्र काढून टाका. या कायद्यात दप्तरात असलेला कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. त्यापेक्षा कार्यादेश, अंदाजपत्रक, रस्त्याच्या लेव्हलचा नकाशा, काँक्रीटचे चाचणी अहवाल, दोष दायित्व कालावधी आणि मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं जिच्यात नोंदतात ती) मागा. खरी गोष्ट मोजमाप पुस्तिकेतच सापडते. जुना रस्ता खोदून काढण्याची बाब तिथे असेल तर किती घनमीटर खोदकामाचे पैसे दिले ते दिसेल. डांबरावरच काँक्रीट ओतलं असूनही खोदकाम लावलेलं असेल, तर तुमची तक्रार एकदम भक्कम होते. दोष दायित्व कालावधी संपला नसेल तर दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चाने करून घेता येते, म्हणून ती तारीख विसरू नका.

अर्ज जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. म्हणून गडर लाइनचं (सांडपाण्याच्या नळाचं) काही विचारायचं असेल तर वेगळा अर्ज करा. झेरॉक्सला पानामागे २ रुपये पडतात. फाइल जाड असेल तर आधी 'अभिलेख पाहू द्या' असं लिहा आणि हवी तेवढीच पानं घ्या.

प्रतिसाद २

काकूंना सांगा, कलम ६(२) प्रमाणे कारण द्यावं लागत नाही. संपर्कापुरता पत्ता दिला की झालं. तरीही मन धजत नसेल तर गल्लीतल्या चार-पाच जणांनी आपापल्या नावाने अर्ज टाका. मग एकाच घराकडे कोणी बोट दाखवणार नाही.

दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, कारण ३० दिवस तिथून मोजले जातात. मुदत उलटल्यावर माहिती दिली तर ती कलम ७(६) नुसार फुकट द्यावी लागते. उत्तर आलंच नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील करा, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. तिथेही दाद लागली नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. त्यांचं खंडपीठ नागपुरातच आहे, मुंबई गाठावी लागत नाही.

आणि ताई, पुढचा पाऊस येईल तेव्हा पायरी, चेंबर आणि अंगणातलं पाणी एकाच फोटोत येईल असं टिपून ठेवा. लेव्हलच्या नकाशाशेजारी तो फोटो लागेल.