व्हॅरम पर्सीचं ओस गाव

'इंग्लंडमधली ओस पडलेली खेडी म्हणजे प्लेगचे बळी' असं म्हटलं जातं. काही गावांबाबत ते खरं असेल, पण यॉर्कशायरच्या टेकड्यांमधलं व्हॅरम पर्सी बघा. १३४९च्या प्लेगमध्ये तिथली बरीच माणसं गेली, तरीही गाव दीडशे वर्षं टिकून होतं. ते मोडलं मेंढ्यांनी. लोकरीला भाव होता, म्हणून जमीनदारांनी शेतं कुरणाखाली घातली आणि १५००च्या सुमारास उरलेली कुटुंबंही बाहेर काढली गेली. रोगापेक्षा मला हे जास्त जिव्हारी लागतं.

तिथल्या सेंट मार्टिन चर्चच्या भिंती नीट पाहण्यासारख्या आहेत. आधी छोटं लाकडी चर्च होतं, मग दगडी झालं. वस्ती वाढली तशी बाराव्या-तेराव्या शतकात दोन्ही बाजूंना दालनं जोडली. पुढे माणसं घटल्यावर ती पाडली आणि कमानी दगडांनी बुजवल्या. त्या बुजवलेल्या कमानी आजही स्पष्ट दिसतात. शिरगणतीचे कागद नसतानाही गावाची चढउतार इथे वाचता येते!

गाव गेलं तरी चर्च चालू राहिलं, कारण त्याच पॅरिशमधल्या, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या, थिक्सेनडेलसारख्या वाड्यांचे लोक तिथेच यायचे. १८७०च्या सुमारास थिक्सेनडेलला स्वतःचं चर्च मिळालं, मग इथली वर्दळ आटली. १९५९मध्ये मनोऱ्याचा काही भाग कोसळला. इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांनी १९५० ते १९९० दर उन्हाळ्यात इथे उत्खनन केलं, म्हणून हे सगळं आपल्याला कळतं.