माल अडकल्यावर कामाला काय येतं, डॅशबोर्ड की सप्लायरशी असलेलं नातं?

खरेदी_टेबल
मी खरेदी विभागात काम करतो आणि सध्या जिथे तिथे एकच ऐकू येतं, कंट्रोल टॉवर (सगळा माल कुठे आहे हे एकाच स्क्रीनवर दाखवणारी सिस्टीम) घ्या, एआय लावा, खोळंबा आधीच कळेल. माझं स्पष्ट मत आहे की नुसतं कळल्याने माल येत नाही. मार्च 2021 मध्ये एव्हर गिव्हन हे कंटेनर जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं तेव्हा ते कुठे रुतलंय हे अख्ख्या जगाला मोबाईलवर दिसत होतं, तरी कालवा 6 दिवस बंदच राहिला.
उलट 1 फेब्रुवारी 1997 चं टोयोटाला पार्ट पुरवणाऱ्या आयसिनचं प्रकरण बघा. टोयोटाच्या ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळाच या एका कारखान्यातून यायचा, तिथे आग लागली, टोयोटाकडे स्टॉक अगदी थोडा, जवळजवळ सगळ्या लाईनी थांबल्या. पण आयसिनने ड्रॉइंग वाटली, इतर सप्लायर आपापली मशिनं घेऊन कामाला लागले, शिलाई मशीनवाल्या ब्रदर कंपनीनेसुद्धा व्हॉल्व्ह करून दिले आणि साधारण आठवड्याभरात गाडी रुळावर आली. रेट कोण काय लावणार हे नंतर बघू म्हणून लोकांनी आधी काम सुरू केलं. हे कुठलं सॉफ्टवेअर करून देणार?

तिसरी_फळी
उदाहरण चांगलं आहे पण निष्कर्ष पटला नाही. आयसिन कोण आणि कुठे हे टोयोटाला माहीत होतं म्हणून मदत पोचली. 2011 च्या जपानमधल्या भूकंपात अडचण हीच झाली की सप्लायरच्या सप्लायरच्या मागे कोण बसलंय हे नीट माहीतच नव्हतं, म्हणून त्यानंतर टोयोटाने खालच्या थरापर्यंतच्या सप्लायरांचा डेटाबेस बांधला आणि चिपसारख्या वस्तूंचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला. 2021 च्या चिप टंचाईत सुरुवातीला त्याचा फायदा झालाच ना (पुढे सप्टेंबरमध्ये त्यांनाही उत्पादन कापावं लागलं, ते मान्य).
आणि मार्च 2000 ची अमेरिकेतल्या अल्बुकर्कची आग? फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज पडून लागलेली आग दहाएक मिनिटांत विझली, पण धुरामुळे क्लीनरूम (चिप बनवायच्या धूळमुक्त खोल्या) खराब झाल्या. फिलिप्स म्हणाली आठवडाभर उशीर होईल. तिथून चिप घेणाऱ्या दोन मोबाईल कंपन्यांपैकी नोकियाने तेवढ्यावर न थांबता त्या पार्टची रोज चौकशी सुरू केली आणि जिथून मिळेल तिथून चिप उचलल्या. एरिक्सन निवांत राहिली, तिला दुसरा सोर्सही नव्हता, फटका बसला 40 कोटी डॉलरच्या आसपास. सप्लायरशी नातं दोघांचंही होतं, फरक पडला तो लवकर हालचाल करण्याने.

मालवाहू
मी फॉरवर्डिंगमध्ये आहे, म्हणजे कस्टमरचा माल जहाजाने पाठवायची-सोडवायची कामं करतो. स्क्रीनवर कंटेनर 'उतरला' दिसतो म्हणून कस्टमर फोन करतो, माझी गाडी आत का जात नाही, आणि इकडे डिलिव्हरी ऑर्डर (माल सोडायची शिपिंग लाईनची चिठ्ठी) सुटलेली नसते कारण एका कागदावर वजन वेगळं पडलंय. शिपिंग लाईनची तारीख एक, बंदरातल्या टर्मिनलची दुसरी, ट्रॅकिंग ॲपची तिसरी, यातली कुठली धरायची हे शेवटी टर्मिनलवरच्या ओळखीच्या माणसालाच विचारावं लागतं.
आणि पार्टनरशिपचं म्हणाल तर ट्रेडलेन्स आठवा. मर्स्क ही शिपिंग लाईन आणि आयबीएमने 2018 मध्ये सुरू केलेला मालवाहतुकीच्या माहितीचा प्लॅटफॉर्म, ब्लॉकचेनवर (सगळ्यांची सामायिक डिजिटल वही), सगळ्यांनी एकत्र यावं म्हणून. नोव्हेंबर 2022 मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं, कारण सगळ्या इंडस्ट्रीचं पुरेसं सहकार्य मिळालं नाही. मला विचाराल तर प्रतिस्पर्ध्याने काढलेल्या वहीत आपला हिशोब कोण लिहिणार, अडचण तिथे होती.

खरेदी_टेबल
मालवाहू, अगदी. आणि त्याच मर्स्कची सिस्टीम जून 2017 मध्ये नॉटपेट्या व्हायरसने बंद पाडली तेव्हा बुकिंग व्हॉट्सॲपवरसुद्धा घेतली गेली. सगळं एकाच डिजिटल खुंटीला टांगलं तर ती खुंटी निखळल्यावर काय करायचं, हे कुठल्या डेमोत दाखवतात का?

तिसरी_फळी
म्हणून बॅकअप ठेवायचा, सिस्टीम का सोडायची? तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर जहाजं आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या केप ऑफ गुड होपला वळसा घालून जायला लागली, आशिया-युरोप फेरी दहा-बारा दिवसांनी लांबली. कुठल्या पीओवर (खरेदी ऑर्डरवर) याचा परिणाम होणार हे शेकडो ऑर्डरींमधून फोनवर विचारत शोधणार का तुम्ही? ज्यांच्याकडे डेटा नीट असतो ते नेमका महत्त्वाचा तेवढाच माल विमानाने आणू शकतात, बाकीचे घाबरून सगळंच मागवतात.

छोटा_सप्लायर
तुम्ही सगळे मोठ्या कंपन्यांच्या बाजूने बोलताय, आमची बाजू पण ऐका. आम्ही पार्ट बनवतो. प्रत्येक कस्टमरचं पोर्टल वेगळं, पासवर्ड वेगळा, तोच स्टॉक आमचा माणूस रोज चार ठिकाणी टाईप करतो. आमचा स्टॉक त्यांना दिसतो, पण त्यांची पुढची खरी मागणी आम्हाला दिसत नाही. टंचाईची बातमी आली की सगळे दुप्पट ऑर्डर टाकतात, आम्ही कर्ज काढून कच्चा माल भरतो, आणि टंचाई सरली की निम्म्या ऑर्डरी कॅन्सल. मग पुढच्या वेळी पोर्टलवर खरा आकडा कोण टाकणार? हातचं राखूनच टाकतात सगळे, आणि त्याच आकड्यांवर तुमचं एआय चालतं.
खरेदी_टेबल, तुम्ही नात्याचं म्हणता, पण वर्षभर रेट पाडून घ्यायचा, पेमेंट 90 दिवसांनी करायचं आणि आग लागली की 'आपण पार्टनर आहोत' म्हणायचं, असं नातं रात्रपाळीला मशीन चालू ठेवत नाही. आणि तिसरी_फळी, खालच्या थराचा नकाशा हवाय ना, जरूर देतो, पण आमचा सप्लायर कळल्यावर तुम्ही आम्हाला वगळून थेट त्याच्याकडे जाणार नाही हे ॲग्रीमेंटमध्ये घाला. पुढच्या सहा आठवड्यांची ऑर्डर बदलणार नाही आणि जास्तीचा साठा ठेवायला लावलात तर त्याचे पैसे तुमचे, एवढं लिहून द्या, मग कुठल्याही पोर्टलवर रोज खरा स्टॉक टाकतो.

तिसरी_फळी
सहा आठवडे फिक्स आमच्याकडे कोणी मान्य करणार नाही, चारसाठी मी भांडू शकते. वगळून न जाण्याचं कलम मात्र रास्त आहे, ते आधी व्हायला हवं.